हलकी गाडी, जड हात

विदर्भातल्या कुठल्याही बाजाराच्या गावी वेल्डिंगचं एक तरी दुकान असतं. बाहेर अर्धी झालेली ट्रॉली उभी, भिंतीला टेकवलेले डवरे, सरळ करायला आलेली वखराची पास. तिथे जाऊन कोणी म्हणालं की स्पोर्ट्स कार बांधायची आहे, तर दुकानदार हसत नाही. तो विचारतो, "चॅनल कितीचा लावू भाऊ?" जन्मभर गाड्यांच्या नादात असलेल्या माणसाने घरी बांधायला घेतलेल्या गाडीचं पुढे काय होणार, हे बरंचसं या प्रश्नाला तो काय उत्तर देतो त्यावर ठरतं.

दुकानदाराचं त्याच्या जागी काही चुकत नाही. ट्रॉलीवर नेमापेक्षा जास्त कापूस, सोयाबीन नाहीतर गिट्टी पडणार, पांदणीतून ती ओढली जाणार आणि तुटली की नाव त्याचं खराब होणार. म्हणून शंका आली की तो जाड माल लावतो, आणि तरी मन भरलं नाही तर कोपऱ्यात एक पट्टी अजून मारतो. वर्षानुवर्षं हाताला तेच वळण पडलेलं असतं. स्पोर्ट्स कारचं गणित उलटं असतं. गाडीतला प्रत्येक किलो इंजिनाला ओढावा लागतो, ब्रेकला थांबवावा लागतो आणि वळणावर टायरला धरून ठेवावा लागतो. एका किलोची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते.

हे ज्ञान गावाला नवीन मात्र नाही. तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावणारी छकडी आणि जिनिंगला कापूस नेणारी बंडी शेजारी उभ्या केल्या तर काही सांगावंच लागत नाही. छकडीवर हाकणाऱ्याच्या बुडापुरती जागा, बाकी सगळं कमी केलेलं. घरी बांधायची स्पोर्ट्स कार ही छकडी आहे, आणि ती बांधायला जो हात मिळणार आहे तो बंडीचा आहे. योजनेतली निम्मी मेहनत त्या हाताला आवरण्यात जाते.

ज्या गाडीवरून जगभरचे हौशी लोक नमुना उचलतात ती लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन यांनी ती १९५७ मध्ये आणली. पहिल्या सेव्हनमध्ये फोर्डचं ११७२ सीसीचं जुनाट इंजिन होतं, चाळीसेक हॉर्सपॉवरचं, म्हणजे आपल्या मारुती ८०० च्या ३७ पेक्षा जेमतेम वर. पण गाडीच पाचशे किलोच्या आसपास, त्यामुळे ती पळायची. १९७३ पासून कॅटरहॅम ही कंपनी तिचा वंश चालवते आहे. हौशी माणसाला ही धाटणी सोसते याचं कारण साधं आहे: चौकोनी पाईपचा सांगाडा, सपाट पत्रे, आणि गोलाईची अंगं मोजून पाच, एक नाक आणि चार मडगार्ड. आपल्याकडेही हे झालेलं आहे. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घालून याच घाटाची रोडस्टर बनवली. गोव्याच्या सॅन मोटर्सने १९९८ मध्ये रेनोचं इंजिन घेऊन फायबरच्या अंगाची सॅन स्टॉर्म आणली. इंजिन दुसऱ्याचं, सांगाडा आपला, हीच दोघांची रीत.

कायद्याचं आधीच बोलून घ्यावं, नाहीतर तीन वर्षांच्या कामानंतर ते अंगावर येतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. नोंदणीसाठी विक्रीचा फॉर्म २१ आणि उत्पादकाचा फॉर्म २२ लागतो, आणि त्यामागे केंद्रीय नियम १२६ खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने नमुना गाडी तपासलेली असावी लागते. ही वाट कारखान्यासाठी आखलेली आहे. इंग्लंडात घरी बांधलेल्या एकेका गाडीची वेगळी तपासणी होते आणि तिला नंबर मिळतो. आपल्याकडे हौशी माणसाला तसं सरळ दार नाही. मग कोणीतरी शहाणा सुचवतो की ओम्नीचा चेसिस नंबर कापून नव्या सांगाड्यावर बसवून टाकू. तो मार्ग गुन्ह्याचा आहे. अस्सल गाडीतही मूळ तपशिलाबाहेर फेरफार करायला कलम ५२ ची मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती आणखी स्पष्ट केली. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बांधली, ती २०२१ च्या अखेरीस देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण गाडी नियमात बसत नाही हे सांगूनच, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली.

म्हणजे ही गाडी स्वतःच्या जागेवर चालवायची, किंवा ट्रॉलीवर चढवून कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकसारख्या ठिकाणी न्यायची. हे पटत असेल तरच पहिला पाईप कापावा. पटलं तर एक फायदाही आहे: वायपर, काच, हीटर, दारं, छप्पर, सगळं वजनातून वजा होतं.

आता इंजिन कुठलं. इथे बहुतेकांचं मन हॉर्सपॉवरच्या मागे जातं. खरं तर आधी हे बघायचं की इंजिन लांबीत बसलेलं आहे आणि मागची चाकं ओढतं अशी भंगारात सहज मिळणारी गाडी कुठली. उत्तर गावातच उभं असतं, ओम्नी किंवा ईको. ओम्नीत ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि चार गिअर. २०१० मध्ये आलेल्या ईकोत ११९६ सीसीचं चार सिलिंडरचं, ७३ हॉर्सपॉवरचं, पाच गिअरचं. जिप्सी किंगचं १२९८ सीसीचं इंजिन सेव्हनला फार छान शोभतं. तिची ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी, गिअरबॉक्सपासून सुटी असते, त्यामुळे ती काढून गिअरबॉक्सवरून सरळ मागच्या अ‍ॅक्सलला शाफ्ट जोडता येतो. पण जिप्सीला आता हौशी गिऱ्हाईक फार, भंगाराच्या भावात ती हाती लागत नाही, आणि तिचा मागचा गोळा, म्हणजे डिफरेन्शिअल, मधोमध नसून एका बाजूला असल्याने शाफ्टवरचा बोगदा तिरपा बांधावा लागतो. पहिल्या गाडीला ईको घ्यावी.

ईको घेताना तुकडे गोळा करू नयेत, पूर्ण गाडी घ्यावी. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, पुढचे नकल (चाक धरणारे तुकडे), स्टीअरिंगची रॅक, पेडल, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, ईसीएम (इंजिनाचा संगणक), अख्खं वायरिंग, चावीचं कुलूप आणि इमोबिलायझर असेल तर तोही, सगळं एकाच गाडीतलं. इंजिन एकीकडचं आणि ईसीएम दुसरीकडचा आणला की स्टार्टर फिरतो, पेट्रोल येतं, पण ठिणगी पडत नाही, आणि मग महिनाभर इलेक्ट्रिशियनची वाट बघायची. वायरिंग कापून काढू नका. प्रत्येक सॉकेटला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहा, मगच सोडवा. भंगारवाल्याकडे उभी असतानाच गाडी चालू करून बघा आणि गिअर टाकून बघा. कागदपत्रं आणि नोंदणी रद्द केल्याचा दाखला मागून घ्या.

ईकोची एक खोड लक्षात ठेवावी. तिथे ड्रायव्हर इंजिनावर बसतो, म्हणून गिअरचा दांडा गिअरबॉक्सपासून पुढे येतो. सेव्हनमध्ये ड्रायव्हर इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्सच्या शेजारी. म्हणजे दांड्याची जुळणी उलटी फिरवावी लागते, आणि नीट विचार न करता फिरवली तर पहिला गिअर खाली आणि दुसरा वर असा प्रकार होतो. दुसरी अडचण संपची, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या तबकाची. संपचा तळ चेसिसच्या खालच्या पाईपपेक्षा खाली लोंबता कामा नये. इंजिन वर चढवलं तर बॉनेट उंच होतो, संप कापून बसका केला तर वळणावर तेल एका कडेला जाऊन पंप हवा ओढतो. संप कापायचाच झाला तर आत आडव्या पट्ट्या घालाव्याच लागतात.

पाईप कापण्याआधी वहीत वजन मांडायचं. कंसांसकट आणि तळाच्या पत्र्यासकट सांगाडा ८५ किलो धरा. इंजिन-गिअरबॉक्स तेलासकट १२५. मागचा अ‍ॅक्सल, ड्रम आणि शाफ्ट मिळून ६५. पुढचं सस्पेन्शन, रॅक, ब्रेक ५०. चार चाकं टायरसकट ५२. रेडिएटर, पाणी आणि सायलेन्सर ३२, अंगाचे पत्रे आणि फायबर ४४, सीट, पट्टे आणि रोल बार ४०, बॅटरी-वायरिंग २५, वीस लिटर पेट्रोलसकट टाकी २२, किरकोळ ३०. बेरीज ५७० किलो. ७३ हॉर्सपॉवरला टनामागे १२८ पडतात. खुद्द ईको नऊशे किलोच्या वर आहे, तिला टनामागे ८० सुद्धा मिळत नाहीत. ही वही भिंतीला टांगून ठेवावी, आणि प्रत्येक भाग बसवण्याआधी काट्यावर घालून अंदाजाच्या शेजारी खरा आकडा लिहावा. आडत्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा असतोच. ट्रकच्या धर्मकाट्यावर असं वजन करण्यात अर्थ नाही, तो पाच-दहा किलोच्या खाली बोलत नाही.

सांगाड्याला २५ बाय २५ मिमीचा चौकोनी पाईप, सहा मीटरच्या आठ लांब्या. भिंत किती जाडीची, हा निकालाचा प्रश्न. १.६ मिमी घेतला तर मीटरला १.१८ किलो, आठ लांब्यांचे ५६ किलो. २ मिमीचे ६९. आणि दुकानदाराच्या मनासारखा ३ मिमी घेतला तर शंभराला टेकतो. त्रेचाळीस किलोचा फरक, आणि ताठपणा त्या मानाने वाढतच नाही, कारण ताठपणा येतो तो तिरप्या पाईपांतून. चार दांड्यांचा चौकोन कोपऱ्यात ढकलला की कलतो, त्यात एक कर्ण घातला की जागचा हलत नाही. जिथे जिथे चौकोन उघडा दिसतो तिथे एक तिरपी द्या, आणि विशबोनचा (चाकाला धरणाऱ्या त्रिकोणी दांड्याचा) प्रत्येक कंस पाईपच्या सांध्यावर आणा, मध्यावर नाही. दुकानदार म्हणतो, "इथं एक अँगल अजून मारून देतो, मंग हालतच नाई." तो हलण्याबद्दल बोलतो आहे, आणि आपल्यालाही न हलणाराच सांगाडा हवा आहे. फक्त अँगलऐवजी कर्ण कुठे बसतो ते त्याला चुन्याने जमिनीवर काढून दाखवायचं. एकदा पटलं की तोच पुढे सांगायला लागतो.

पाईप घेताना व्हर्निअर सोबत असू द्या. बाजारात १.६ म्हणून १.२ चा फर्निचरचा पाईप सर्रास विकला जातो. बिलावर आयएस ४९२३ लिहिलेला काळा पाईप घ्या. गॅल्व्हनाइज्ड घेऊ नका, वेल्डिंगच्या वेळी जस्ताचा धूर नाकात जातो आणि रात्री थंडी वाजून ताप येतो, शिवाय टाकाही पोकळ निघतो.

तारेने वेल्ड करणारं मिग मशिन असेल, ०.८ मिमीची तार आणि आरगॉन-सीओटूचं मिश्रण मिळत असेल, तर १.६ चा पाईप बिनधास्त घ्या. गावात कांडीचं आर्कच असेल तर २ मिमी घ्या आणि तेरा किलो सोसा. पातळ पाईपला आर्कने भोक पडतं, मग ते भरत बसतात, आणि भरलेली जागा सगळ्यात कच्ची. ६०१३ ची २.५ मिमीची कांडी, ६० ते ८० अँपिअर. व्होल्टेज मात्र आपल्या हातात नसतं. शेतीच्या फीडरवर आजूबाजूच्या मोटारी चालू झाल्या की दाब पडतो, कांडी चिकटते, टाका वरवर छान दिसतो पण आत धरलेला नसतो. मोटारी बंद असतील तेव्हा सांधे मारा, नाहीतर जनरेटर लावा. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी उरलेल्या तुकड्यांचा टी आकाराचा जोड मारून शिकंज्यात धरा आणि घणाने वाकवा. फाटला तर पाईप फाटायला हवा. टाका उकलला तर त्या दिवशी चेसिसला हात लावायचा नाही.

सांगाडा जमिनीवर बांधू नये. काळ्या मातीवर घातलेली कोब्याची फरशी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात बसते, तिच्यावर माप धरवत नाही. दोन जड चॅनल ठोकळ्यांवर ठेवा आणि गवंड्याच्या पाण्याच्या नळीने चारी टोकं सपाटीत आणा. खालची चौकट आधी, फक्त टाचे, म्हणजे छोटे तात्पुरते टाके. दोन्ही कर्ण मोजा, दोन मिमीच्या आत जुळायला हवेत. मग उभे, मग वरची चौकट, पुन्हा टाचे. इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल रिकाम्या टाचलेल्या सांगाड्यात बसवून बघितल्याशिवाय पूर्ण वेल्ड करायचं नाही. पेडलला बूट पुरतो का, स्टार्टर काढायला पाना जातो का, तेलाचा फिल्टर निघतो का, हे तेव्हाच कळतं. पूर्ण वेल्ड करताना एक सांधा पुढे डावीकडे, दुसरा मागे उजवीकडे, २५-३० मिमीचे तुकडे. एका कडेने सरळ मारत गेलात तर गरम टाका आटताना पाईपला आपल्याकडे ओढतो आणि सांगाडा केळासारखा वाकतो. तो पुन्हा सरळ होत नाही.

पाईपच्या आत गंज धरतो तो बाहेरून दिसत नाही. पत्रे रिवेटने ठोकले की प्रत्येक भोक म्हणजे पावसाला दार. शेवटी एका भोकातून जवसाचं उकळलेलं तेल ओतून सांगाडा चारी अंगांनी फिरवा, जादा निथळू द्या, भोक बंद करा. विमानांच्या पाईपच्या सांगाड्यात हीच युक्ती वापरत आले आहेत. पुसलेलं फडकं मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप तापून पेटतं. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

पुढच्या सस्पेन्शनमध्ये जास्त वेळ जाईल. ईकोच्या पुढच्या चाकाला मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉक आणि स्प्रिंगचा एकच उभा खांब आहे, आपल्याला दोन विशबोन हवेत. नकलवर स्ट्रट दोन बोल्टांनी धरलेला असतो. त्याच दोन भोकांवर ८ मिमीच्या पट्टीचा कंस बसवून त्यात वरचा बॉल जॉइंट धरता येतो. ८०० किंवा अल्टोचा नकल इथे वापरू नये असं मी ठामपणे म्हणेन. त्यातून ड्राइव्ह शाफ्ट जातो, आणि शाफ्टचा बाहेरचा जॉइंट काढून टाकला तर चाकाचं बेअरिंग घट्ट धरणारं काहीच उरत नाही. थोडी गाडी फिरली की चाक डुलायला लागतं. ईकोचं पुढचं चाक ओढणारं नाही, हा प्रश्नच येत नाही.

विशबोनला २२ मिमी व्यासाचा, ३ मिमी भिंतीचा सीडीडब्ल्यू, म्हणजे वेल्ड करून थंड ओढलेला, पाईप. जोड बोल्ट सगळे दोन्ही बाजूंनी धरलेल्या कंसात, एका पट्टीवर लोंबते नको. गावच्या हार्डवेअरमध्ये मिळणाऱ्या बोल्टच्या डोक्यावर काही लिहिलेलं नसेल तर तो पंपाच्या फाउंडेशनला ठीक आहे, सस्पेन्शनला नाही. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ पाहिजे, आणि नट नायलॉनचा. कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे कल) पाच अंश, कॅम्बर (चाकाच्या माथ्याचा आत कल) उणे एक, टो-इन (चाकांची तोंडं किंचित आत) मिलिमीटर-दोन मिलिमीटर. रॅक कुठे बसवायची हे अंदाजाने ठरवू नये. टाय रॉडचा आतला जॉइंट दोन्ही विशबोनच्या आतल्या खुंट्यांना जोडणाऱ्या रेषेवर यायला हवा. रॅक रुंद किंवा अरुंद पडली तर चाक खड्ड्यात वर-खाली होताना स्वतःच वळतं. उंचसखल रस्त्यावर गाडी सरळ न जाता इकडेतिकडे ओढत असेल तर पुष्कळ जण टायरला दोष देतात, मूळ दुखणं इथे असतं. स्टीअरिंगचा दांडा वेल्ड करून लांब करायचा नाही. दातेरी जॉइंट मिळतात, ते वापरा.

स्प्रिंगचंही गणित सोपं आहे, तरी ते सोडून लोक मोटरसायकलचे शॉक उचलून आणतात. पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगने झेलायचं वजन साधारण १२० किलो. सेकंदाला १.६ वेळा हलणारी गाडी हवी असेल तर चाकापाशी मिलिमीटरला १२ न्यूटनचा ताठपणा लागतो. शॉक विशबोनच्या ७० टक्क्यांवर बसला तर स्प्रिंग जवळपास दुप्पट हवी, २४-२५ न्यूटनची. शॉक तिरपा असेल तर अजून थोडी जास्त. मागचा अ‍ॅक्सल एकसंध, त्याला चार दांडे आणि तो आडवा सरकू नये म्हणून एक पॅनहार्ड रॉड. जमिनीपासून उंची १५० मिमी ठेवा. इंग्लंडच्या गाड्यांसारखी १०० मिमी ठेवली तर वावराच्या वाटेवरच पोट घासेल.

शाफ्ट कापून आखूड करायचा तो गावात नाही, नागपूरला शाफ्ट बॅलन्स करून देणाऱ्याकडे. गिअरबॉक्सचं तोंड आणि अ‍ॅक्सलचं तोंड एकमेकांना समांतर हवीत. अंशा-दोन अंशांपलीकडे गेलं की ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते. ड्रायव्हरच्या कमरेशेजारून हा शाफ्ट फिरत असतो, म्हणून बोगद्यात ५ मिमी पट्टीचं एक कडं हवंच. जॉइंट तुटला तर शाफ्ट आत येऊ नये यासाठी. वजनाच्या वहीत या कड्यावर वाद घालू नये. रोल बारवरही नाही: ४५ मिमी व्यास, २.५ मिमी भिंत, सीमलेस, यंत्रावर वाकवलेला. वाळू भरून भट्टीत वाकवलेल्या पाईपला आतून सुरकुती पडते, आणि गाडी उलटली की तो तिथेच मोडतो.

उन्हाळा हा विदर्भाचा खरा परीक्षक. चंद्रपूर-अकोल्याला पारा ४५ च्या वर जातो, आणि सेव्हनच्या नाकाचं तोंड छोटं. मोठा रेडिएटर बसवूनही गाडी तापते, कारण हवा रेडिएटरमधून न जाता त्याच्या कडेने पळते. नाकाच्या आतून रेडिएटरच्या चारही कडांपर्यंत पत्र्याची पन्हाळ करून फटी रबराने बंद करा, आणि गरम हवा बाहेर पडायला बॉनेटच्या बाजूंना जाळी ठेवा. रेडिएटर इंजिनापेक्षा खाली बसत असल्याने वर हवा अडकते. पाण्याची एक उंच टाकी लावून तिथून भरा. सायलेन्सरची नळी ड्रायव्हरच्या पायाच्या बाजूने नको.

अंगाला १.२ मिमीचे अ‍ॅल्युमिनिअमचे पत्रे. आठ बाय चारचा एक पत्रा साडेनऊ किलोचा, तीन लागतात. लोखंडाच्या पाईपला अ‍ॅल्युमिनिअम थेट टेकलं तर ओलाव्यात ते पांढरं पडून खाल्लं जातं, म्हणून मध्ये रंग आणि सीलंटचा थर, आणि ७५ मिमीवर एक रिवेट. नाकाचा साचा घडवायला नागपूरच्या चितार ओळीत मूर्ती घडवणाऱ्या हाताइतका चांगला हात कुठे मिळणार? अर्धा साचा करून तो आरशासारखा उलटवण्याची सोय मातीत नसते, त्यामुळे डावं-उजवं जुळवायला पुठ्ठ्याचे कापे द्या, डोळ्यावर सोडू नका. नाक आणि मडगार्ड मिळून तीन चौरस मीटर, चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या काचतंतूच्या मॅटचे तीन थर, म्हणजे चार किलो मॅट, दहा किलो रेझिन, दीड किलो जेलकोट (वरचा गुळगुळीत थर). हे काम दिवाळीनंतर सकाळी करायचं. मे महिन्यात हार्डनर टक्काभर घातला तरी ब्रश उचलेपर्यंत डबा गरम होतो, आणि पावसाळ्यात थर दिवसेंदिवस चिकट राहतो. रेझिन आधीच कोबाल्ट घातलेलं घ्या. कोबाल्ट आणि हार्डनर सुटे एकमेकांत कधीही ओतू नका, त्यांचा भडका उडतो.

पहिली फेरी तूर निघाल्यावर, स्वतःच्या जागेवर मुरूम टाकून दाबलेल्या पट्टीवर. काळ्या वावरात नको, तिथल्या भेगा चाक गिळतात. आधी चारी चाकं एका सपाटीत ठेवून एकेक काट्यावर घ्या, ड्रायव्हरला सीटवर बसवून. कर्णातल्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या बेरजा जुळेपर्यंत स्प्रिंगच्या चकत्या फिरवा. मग ब्रेक. ताशी तीसच्या वेगाला जोरात दाबा आणि मुरमावरच्या खुणा बघा, पुढची चाकं आधी घसटली पाहिजेत. तेवढ्यावर समाधान मानू नका. मुरमावर पकड कमी, म्हणून वजन पुढे कमी सरकतं. डांबरी ट्रॅकवर तेच वजन जास्त सरकेल आणि हलके पडलेले मागचे ड्रम आधी अडकतील, गाडी फिरून तोंड उलटं करेल. मागच्या ब्रेकच्या नळीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह टाका आणि ट्रॅकवर पहिल्यांदा मागचा दाब सगळ्यात कमी राहील असा तो लावूनच उतरा.

पन्नास किलोमीटर झाले की गाडी पुन्हा ठोकळ्यांवर. सस्पेन्शनचे, स्टीअरिंगचे, शाफ्टचे सगळे नट टॉर्क पान्याने तपासा, आणि प्रत्येकावर पिवळ्या रंगाची रेघ ओढा, निम्मी नटावर, निम्मी कंसावर. पुढच्या वेळी पान्याआधी रेघा बघायच्या. जिथे रेघ तुटलेली दिसेल तो नट नुसता आवळून सोडू नका, तो का सुटला ते आधी शोधा. बहुधा भोक मोठं झालेलं असतं, नाहीतर बुश बसका झालेला.